कारकून, मुन्शी आणि अर्जनवीस
न्यायालयाच्या आवारातील कामांची ओळख

बीडच्या जिल्हा न्यायालयात किंवा अंबाजोगाई, माजलगाव, केज येथील न्यायालयांत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या ग्रामस्थाला काळा कोट घातलेला वकील सहज ओळखता येतो. वकिलाभोवती वावरणारी माणसे मात्र त्याला सारखीच वाटतात. हातात कागदांचा गठ्ठा असलेला प्रत्येक जण त्याच्या लेखी ‘साहेब’ असतो. कोणाकडे पैसे द्यावेत, कोणाच्या शब्दावर विसंबावे आणि कोठे सही करावी, याचा उलगडा न झाल्यामुळे साध्या बांधाच्या तंट्यातही पक्षकाराचे मोठे नुकसान होऊ शकते.

या गोंधळाला इतिहासाचीही पार्श्वभूमी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील न्यायालयांचा कारभार उर्दूतून चाले. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपलाच दावा वाचता येत नसे. अर्ज लिहिणारा अर्जनवीस आणि वकिलाचा मुन्शी हेच त्याचे डोळे असत. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1998 मध्ये राज्य शासनाच्या अधिसूचनेने मराठी ही कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरली. तरी जुने शब्द गेले नाहीत, आणि इनाम जमिनींचे मुंतखब व जुने दस्त वाचण्यासाठी उर्दू किंवा मोडी जाणणाऱ्याचा शोध आजही घ्यावा लागतो.

वकिलाच्या कचेरीतील कनिष्ठ वकील हा दिसायला मदतनीस असला, तरी तो सनदधारक वकीलच होय. अधिकारपत्र असेल, तर तो न्यायालयापुढे उभा राहू शकतो. कारकून, ज्याला कोणी मुन्शी म्हणतात, तो तसे करू शकत नाही. प्रकरण दाखल करणे, न्यायालय शुल्काची तिकिटे लावणे, नकलांसाठी अर्ज देणे, तारखा टिपून ठेवणे आणि पक्षकाराला निरोप धाडणे ही त्याची कामे. अनेक वर्षे कचेरीत काढलेल्या कारकुनाला कामकाजाची माहिती नवख्या वकिलापेक्षा अधिक असते, हे कोणीही मान्य करील. परंतु माहिती असणे निराळे आणि अधिकार असणे निराळे. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमानुसार वकिली करण्याचा हक्क केवळ अधिवक्त्यांना आहे; तो हक्क नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

टंकलेखकाचे काम सांगितलेला मजकूर छापून देण्याचे. मजकूर बरोबर की चूक, याची जबाबदारी त्याच्यावर नसते. अर्जनवीस मजकूर स्वतः रचतो, पण तोही पक्षकाराच्या वतीने बोलू शकत नाही. मुद्रांक विक्रेता परवानाधारक असतो आणि विक्रीची नोंद वहीत ठेवतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे : जातीचा, उत्पन्नाचा वा रहिवासाचा दाखला यांसारख्या कामी शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क शासनाने 2004 मध्येच माफ केले आहे. तरीही साध्या कागदाऐवजी मुद्रांकासाठी रांग लावणारे पालक दाखल्यांच्या हंगामात दिसतात.

सर्वांत महागात पडणारी गल्लत निराळीच आहे. न्यायालयाचा कारकून आणि वकिलाचा कारकून हे दोघेही ‘कारकून’च, पण पहिला शासकीय सेवक आणि दुसरा खासगी नोकर. न्यायालयात भरावयाची रक्कम नाझराच्या कार्यालयात भरली जाते आणि तिची पावती मिळते. समन्स घेऊन गावी येणारा बेलिफ हाही न्यायालयाचा कर्मचारी. त्याने दिलेला कागद ‘मुन्शीला दाखवू’ म्हणून घरात ठेवून दिला, तरी मुदत थांबत नाही. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यावी लागते. न्यायालय ही मुदत सर्वसाधारणपणे 90 दिवसांपर्यंतच वाढवून देते. ऊसतोडीला सहा-सहा महिने परजिल्ह्यात जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा काळ किती थोडा आहे, हे बीडकरांना सांगावयास नको. अशा वेळी वकीलपत्रावर सही करताना ते कोणत्या वकिलाच्या नावे आहे हे पाहून घ्यावे, आणि कोऱ्या कागदावर तर सही करूच नये.

पुढच्या तारखेसाठी पूर्वी कारकुनावाचून गत्यंतर नव्हते. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि त्यावरून ई-न्यायालय सेवेद्वारे भ्रमणध्वनीवरही तारीख पाहता येते. हा क्रमांक वकिलाकडून लिहून घ्यावा.

अमेरिकेत कायद्याचे प्रशिक्षण घेतलेल्या मदतनिसाला ‘पॅरालीगल’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द आला तो वेगळ्या अर्थाने. 2009 च्या योजनेनुसार विधी सेवा प्राधिकरणे जे पॅरालीगल स्वयंसेवक नेमतात, ते कोणा वकिलाचे नोकर नसतात आणि पक्षकाराकडून शुल्कही घेत नाहीत. अर्ज कोठे द्यावा हे सांगणे आणि गरजूला प्राधिकरणापर्यंत पोहोचविणे हे त्यांचे काम. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. लिहिता येत नसल्यास तोंडी सांगितलेली हकीकतही तेथे लिहून घेतली जाते.