नकाशावरच टाळता येणारे अपघात

घर बांधावयास काढले म्हणजे आपण मुहूर्त पाहतो, गवंडी ठरवितो, सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब करतो. पण ते उभे करताना माणूस कोठून पडेल, हे कोणी विचारीत नाही. पडला, तर ‘त्याचे लक्ष नव्हते’ म्हणून आपण मोकळे होतो.

आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही. पुण्याच्या कोंढवा भागात २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर मुसळधार पावसात एका सोसायटीची भिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसे गेली. त्यांत चार मुले होती. झोपलेल्या माणसाने लक्ष ते कोठे ठेवायचे?

मातीला अडविणाऱ्या भिंतीमागे पाणी तुंबले, तर काय होते? दहा फूट पाणी साचल्यास भिंतीच्या दर फूट लांबीवर नुसत्या पाण्याचाच रेटा सुमारे चौदाशे किलो येतो, मातीचा निराळा. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट! यावर उपाय म्हणजे भिंतीत पाणी निघून जाण्यास ठेवलेली भोके आणि त्यांच्यामागे खडीचा थर. झोपड्या भिंतीपासून दूर हव्यात, हेही नकाशावरच आखता येते. त्याला खर्च तो किती?

ब्रिटनने १९९४ च्या नियमांनी ही जबाबदारी आराखडा करणाऱ्यावरही टाकली. आपल्याकडे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली १९९८ साली झालेल्या केंद्रीय नियमांतही वास्तुविशारदाचे असे कर्तव्य सांगितले होते. मात्र दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर त्या कायद्यातून वगळलेले होते. आणि रनाळ्यासारख्या गावात नकाशा पुष्कळदा गवंड्याच्या डोक्यातच असतो, हे आपण जाणतोच.

तेव्हा त्याच्याशी आधीच बोलावे. जिना शेवटी न करता मजल्याबरोबरच चढवावा, म्हणजे बिगाऱ्याला घमेले घेऊन डुगडुगत्या शिडीवर चढावे लागत नाही. स्लॅबमध्ये पुढे मोकळी ठेवावयाची जागा असेल, तर सळयांची जाळी तिच्यावरून तशीच न्यावी व काम येईल तेव्हा कापावी. फळी टाकून झाकलेले भोक फळी उचलणाऱ्यालाच गिळते. गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा न ठेवता साडेतीन फूट ठेवावा. पुढे टाकी धुण्यास वर जाणार आहे तो बहुधा आपलाच मुलगा.