फोनचे कुलूप: कसे उघडते, पुढे उघडेल का?

यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी आता कापूस-सोयाबीनची ई-पीक पाहणी फोनवरून करतो, खताचे पैसेही फोनवरूनच देतो. फोन धडधाकट असतो, पण कंपनीने अपडेट बंद केले की हळूहळू नवी ॲप्स त्यावर चालेनाशी होतात. मग दुकानात जाऊन ‘सॉफ्टवेअर मारून द्या’ म्हणायची वेळ येते. कंपनीचे कुलूप काढून फोनचा पूर्ण ताबा घेण्याला आयफोनच्या बाबतीत जेलब्रेक म्हणतात, अँड्रॉइडच्या बाबतीत रूटिंग.

आधी कुलूप समजून घेऊ. फोन सुरू होताना चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटरॉम, प्रथम जागा होतो. तो बूटलोडरची, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या पुढच्या प्रोग्रॅमची, डिजिटल सही तपासतो; बूटलोडर कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, तपासतो. सही नसलेला सातबारा बँक घेत नाही, तसेच इथे कंपनीची सही नसेल तर पुढचा टप्पा सुरूच होत नाही.

जेलब्रेक म्हणजे या तपासणीतली फट शोधणे. 2019 मध्ये ‘चेकएमएट’ नावाची फट उघड झाली. ती थेट बूटरॉममध्येच असल्याने आयफोन 4एस ते आयफोन टेनपर्यंतच्या फोनमध्ये ॲपलला ती अपडेट देऊन बुजवता आली नाही. त्यानंतरच्या चिपमध्ये मात्र ती उरली नाही.

अँड्रॉइडमध्ये काही कंपन्या राजमार्ग देतात. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करून, केबलने संगणकाला जोडून बूटलोडर उघडतात. त्याच क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. मग लिनिएजओएससारखी नवी प्रणाली टाकता येते, किंवा मॅजिस्क हे साधन वापरून रूट, म्हणजे पूर्ण ताबा, मिळवता येतो.

खरी अडचण इथून पुढे आहे. गूगलच्या ‘प्ले इंटेग्रिटी’ तपासणीत फोनच्या चिपमधली किल्लीच बूटलोडर उघडा असल्याची साक्ष देते. त्यामुळे बँकेची आणि यूपीआयची अनेक ॲप्स अशा फोनवर चालत नाहीत. सॅमसंगच्या फोनमध्ये तर नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज एकदा उडाला की परत जोडता येत नाही. शाओमीने 2023 पासून बूटलोडर अनलॉकचे नियम कडक केले आणि सॅमसंगने 2025 मध्ये वन यूआय 8 ही आपली नवी प्रणाली आणताना अनलॉकचा पर्यायच काढून टाकला.

वाट अरुंद होत चालली आहे, हे स्पष्ट आहे. म्हणून ज्या फोनवर बँकेचा व्यवहार चालतो, त्याला हात लावू नका. घरात पडून असलेल्या जुन्या फोनचे मॉडेल लिनिएजओएसच्या यादीत असेल, तर आधी फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्या, मगच पुढे जा.

सुरक्षेसाठी कुलूप हवेच. पण कंपनीने अपडेट थांबवले की त्या कुलपाची किल्ली मालकाच्या हाती द्यायला हवी. तसा नियम व्हावा, ही मागणी आपण ग्राहकांनीच लावून धरली पाहिजे.