पहिली स्की घेताना

हात वर करून उभं राहायचं आणि मनगटाला टेकेल एवढी लांब स्की घ्यायची, हा हिशेब सरळसोट स्कीच्या जमान्यातला. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने १९९३ च्या सुमारास एससीएक्स ही स्की आणली. ती दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक होती. अशी स्की कडेवर कलली की स्कीअरच्या वजनाने कमानीसारखी वाकते आणि वळण घेते. वळण्याचं बरंचसं काम आकारानेच केल्यावर जास्तीच्या लांबीची गरज उरली नाही. आज जागतिक स्लॅलम, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरण्याच्या, स्पर्धांत स्कीची किमान लांबी पुरुषांसाठी १६५ सेंटिमीटर आणि महिलांसाठी १५५ सेंटिमीटर आहे, आणि जगातले उत्तम स्लॅलमपटू स्वतःच्या उंचीहून आखूड स्कीवर उतरतात. आखूड स्की म्हणजे कच्चा खेळाडू, असं मानायला काहीच आधार नाही.

म्हणून सर्वांत आखूड जोडी उचलावी, असंही नाही. स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून हळू उतरणं, सोडून दोन्ही स्की समांतर ठेवून वळू लागलेल्या माणसाचा वेग वाढलेला असतो आणि फार आखूड स्की त्या वेगात थरथरते. त्याला हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान पोचेल एवढी लांबी साधारण मानवते. उंचीइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व वजनाला आहे, कारण स्की वाकते ती वजनाने. उंची सारखीच असली तरी ५५ किलोच्या आणि ८५ किलोच्या माणसाला एकच जोडी लागू पडत नाही.

‘आताच तज्ज्ञांची स्की घेऊ, म्हणजे पुढे बदलायला नको’ हा विचार म्हणूनच महागात पडतो. कडक स्की शिकाऊ माणसाच्या वेगाला वाकतच नाही. ती वळेना की माणूस बिचकून मागे रेलतो. मग पुढच्या टोकांवरचा भार जातो आणि वळण आणखी हातचं निसटतं.

स्कीवर बहुधा १२२-७६-१०४ असे तीन आकडे आणि शेजारी १४ मीटर असं काहीतरी छापलेलं असतं. तीन आकडे म्हणजे पुढच्या टोकाची, मधली आणि मागची रुंदी मिलिमीटरमध्ये. मीटरमधला आकडा वळणाची त्रिज्या. यातली मधली रुंदी आधी पाहावी. गुलमर्गच्या अफरवाट शिखरावरच्या भुसभुशीत ताज्या बर्फाचे फोटो पाहून अनेकांना शंभर मिलिमीटरच्या पुढची रुंद स्की हवीशी वाटते. पण शिकाऊ माणसाचा बहुतेक वेळ खालच्या सौम्य, दाबलेल्या उतारांवर जातो. तिथे रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते आणि गुडघ्यांवर ताण आणते. ७२ ते ८५ मिलिमीटर पुरेसे आहेत.

सगळ्यांत मोठा गैरसमज मात्र बुटांबद्दलचा आहे. बूट एक नंबर मोठा घ्यावा आणि आत दोन जाड मोजे घालावेत, म्हणजे थंडी वाजत नाही, असा सल्ला सर्रास मिळतो. घडतं उलटंच. सैल बुटात टाच उचलली जाते, म्हणून बकल करकचून आवळले जातात, पायाचं रक्त अडतं आणि बोटं गारठतात. मोजा एकच आणि पातळ हवा. माप पाहायचं तर बुटाच्या आतला मऊ बूट बाहेर काढायचा, नुसत्या कवचात पाय घालायचा आणि बोटं पुढे टेकवायची. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं मावतील एवढी जागा राहिली तर माप बरोबर. त्याहून जास्त राहिली तर बूट मोठा.

एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर ते बुटांवरच खर्चावेत. पुण्या-मुंबईहून वर्षातून एखादा आठवडा गुलमर्गला किंवा औलीला जाणाऱ्याने स्की भाड्याने घेतल्याने काही बिघडत नाही. न बसणारा बूट मात्र आठवडा वाया घालवतो.

राहिलं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा. ती घट्ट असली की सुरक्षित, ही समजूत धोक्याची आहे. पडताना स्की सुटली नाही तर पिळवटतो तो पाय. ती किती ताणाला सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत पाहून तक्त्यावरून ठरतं. पन्नाशीपासून पुढे हाच तक्ता एक पायरी सैल मांडणी सुचवतो. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावं, आणि जुनी जोडी घेणाऱ्याने पैसे देण्याआधी त्याला विचारून घ्यावं: निर्मात्यांनी जबाबदारी घेणं थांबवलेली जुनी बाइंडिंग्ज अनेक दुकानं लावूनच देत नाहीत.