विजया, अहिफेन आणि कायद्यातील ‘प्रयोज्यांग’

ग्रहणी-अतिसाराच्या चिकित्सेत जातीफलादि चूर्ण किंवा कर्पूररस लिहिताना आज अनेक वैद्यांचा हात थबकतो. औषधाच्या गुणाविषयी शंका नसते, कायद्याचे भय असते. याउलट काही औषधालयांत भांगेची पुडी अन्य काष्ठौषधींच्या डब्यांशेजारी बिनदिक्कत ठेवलेली आढळते. ही दोन्ही टोके एकाच अज्ञानातून उद्भवतात.

गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 हा केंद्रीय कायदा 14 नोव्हेंबर 1985 रोजी अमलात आला. त्याच्या कलम 8 नुसार वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनासाठी, विहित परवाना व अटी पाळून, या द्रव्यांच्या वापरास वाव आहे. द्रव्यगुणशास्त्राप्रमाणे हा कायदाही वनस्पतीच्या नावावर न थांबता तिच्या अंगाचा विचार करतो, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

विजयेचा निर्यास म्हणजे चरस आणि फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविरहित पाने व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच भांग या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. परंतु पानांसोबत शेंडे आले की तोच माल गांजा ठरू शकतो. शिवाय शुद्ध पानांची भांगही सर्वस्वी मुक्त नाही. तिचे नियमन राज्यांच्या कायद्यांनी होते. महाराष्ट्रात यासाठी 1949 चा दारूबंदी अधिनियम व राज्य उत्पादन शुल्क विभाग आहे.

अहिफेनाची कसोटी अधिक कठोर आहे. 0.2 टक्क्यांपेक्षा अधिक मॉर्फीन नसलेले कल्प अफूच्या व्याख्येतून वगळले आहेत. आता कर्पूररसाचा हिशेब पाहू. हिंगुळ, अहिफेन, मुस्ता, इंद्रयव, जातीफल व कर्पूर ही सहा द्रव्ये समभाग घेतली, तर अहिफेन सुमारे 16.7 टक्के होते. अफूत मॉर्फीन सुमारे 10 टक्के धरल्यास कल्पात ते 1.7 टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे मर्यादेच्या आठपट. अफूची ‘अल्प मात्रा’ 25 ग्रॅम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निर्णयानुसार मिश्रणातील केवळ गुंगीकारक अंश न मोजता संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. 125 मि.ग्रॅ.च्या 200 वट्या झाल्या की 25 ग्रॅम भरतात! खसखशीच्या बिया मात्र निर्बंधमुक्त आहेत. बोंडाच्या टरफलांना ती सूट नाही.

या कायद्यात माल ज्याच्या ताब्यात सापडतो, त्याच्यावर खुलाशाचा भार येतो. कलम 35 व 54 अन्वये न्यायालय आरोपीचा अपराधी हेतू गृहीत धरू शकते. अशा वेळी ‘परंपरेने वापरतो’ हे उत्तर अपुरे पडते. कागद हाच साक्षीदार ठरतो.

यास्तव व्यवसायबंधूंनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. विजया वा अहिफेनयुक्त कल्प परवानाधारक उत्पादकाकडूनच, बॅच क्रमांकासह बिलावर घ्यावेत. कच्ची भांग हाताळायची असल्यास उत्पादन शुल्क विभागाकडून आवश्यक तो परवाना आधी घ्यावा आणि आलेल्या मालात शेंडे नाहीत याची खात्री करावी. साठा कुलपात ठेवावा. आवक, जावक व शिल्लक यांची नोंदवही रोज लिहावी. रुग्णपत्रिकेत निदान, मात्रा व कालावधी नोंदवावा. ही दोन्ही द्रव्ये, बिया वगळून, औषधे नियमावलीच्या अनुसूची ई(1) मध्ये विषद्रव्ये म्हणून समाविष्ट आहेत. त्यामुळे पोटात घ्यावयाच्या अशा कल्पाच्या वेष्टनावर नियम 161 नुसार वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना आहे का, हेही पाहावे.

शास्त्रकारांनी विषद्रव्यांचा त्याग सांगितला नाही. शोधन, मात्रा व पात्रापात्र विचार सांगितला. त्याच शिस्तीत आता नोंदवहीची भर घालावी लागेल. भयापोटी ही औषधे आपण सोडून दिली, तर नुकसान रुग्णाचे होईल. ती निष्काळजीपणे हाताळली, तर एका वैद्याच्या चुकीने साऱ्या शास्त्राकडे संशयाने पाहिले जाईल.