हवें तें पृष्ठ कसें गांठावें?

आपल्या रिद्धपुरांत तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें, हें आपणांस ठाऊक आहेच. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे त्याचे भाग असून छापील आवृत्त्यांत लीळांस क्रमांक दिलेले आहेत.

असा मोठा ग्रंथ संगणकावर उतरविला असतां त्यांतील ८४ वें पृष्ठ चटकन् कसें काढावें? एकेक पान सरकवीत बसण्याचें कारण नाहीं. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्यें ‘कंट्रोल’ कळ दाबून धरून ‘जी’ दाबावी. जी चौकट उघडते तींत ‘पेज’ निवडून ८४ हा आंकडा घालावा व ‘एंटर’ दाबावें. तें पृष्ठ तत्काळ समोर येतें.

परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. अक्षर मोठें केलें, अथवा प्रारंभीं दोन पानें जोडलीं, कीं तोच मजकूर पुढें सरकतो. हस्तलिखित पोथ्यांतही लेखकाचें अक्षर मोठें असल्यास पानें वाढत. म्हणून प्रत्येक लीळेच्या नांवास ‘हेडिंग’ ही शैली द्यावी. मग ‘व्ह्यू’मधील ‘नॅव्हिगेशन पेन’ उघडतांच सर्व लीळांचीं नांवें एका बाजूस दिसतात. नांवावर टिचकी मारावी, पृष्ठ कितवेंही असो.

निबंधांत मात्र आवृत्ति, भाग व लीळेचा क्रमांक हीं तिन्ही लिहावीं; कारण लीळांचे क्रमांकही सर्व आवृत्त्यांत सारखे नाहींत. दाखविलेली जागा वाचकास सांपडली नाहीं, तर आधार दिला काय नि न दिला काय, सारखेंच!