दुपारचे ऊन, रात्रीचा पंखा

नौतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले नऊ कडक दिवस, चालू आहे, पारा ४५च्या आसपास आहे, गच्चीवर चार पॅनल तळपताहेत, आणि गल्लीतली लाईट जाताच घरातला पंखा थांबतो. ग्वाल्हेरला नव्याने सोलर बसवलेल्या घरांत हा धक्का पहिल्याच उन्हाळ्यात बसतो. इथल्या लष्कर भागातल्या आमच्या नात्यागोत्यात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्नही हाच: ‘डोक्यावर एवढं ऊन असताना वीज जातेच कशी?’

यंत्रणेत बिघाड झालेला नसतो. पॅनलमधून निघणारी वीज डीसी असते आणि इन्व्हर्टर तिची एसी करतो. साध्या, ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेत तो स्वतःची लय ठरवत नाही. सरकारी तारेतून सेकंदाला ५० आवर्तनांनी येणाऱ्या विजेचा ठेका धरून तो आपली वीज तिच्यात मिसळतो. तारेतली वीज गेली की ठेका गेला, आणि इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करतो. हे मुद्दाम केलेले आहे. लाईट गेल्यावर एखादा लाईनमन खांबावर चढलेला असतो. तार मेलेली आहे असे समजून त्याने हात लावला आणि तुमच्या गच्चीवरून तिच्यात वीज येत असली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून हा नियम मोडण्याची कुठलीही ‘जुगाडू’ युक्ती कोणी सुचवली, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

भर दुपारी आणि रात्रीही पंखा चालू हवा असेल, तर दोन गोष्टी लागतात: बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर. हायब्रिडचे काम क्रमाने चालते. ऊन असेल तेव्हा पॅनलची वीज आधी घराला मिळते, मग बॅटरीत जाते आणि उरली तर नेट मीटरमधून तारेत जाते. लाईट गेली की इन्व्हर्टर आतल्या स्विचने घराला तारेपासून तोडतो, स्वतःची ५० आवर्तने तयार करतो आणि घरापुरते छोटे वीजघर चालवतो. मात्र हे सगळ्या घरासाठी नसते. इन्व्हर्टरला बॅकअपची वेगळी वाट असते आणि मोजकीच सर्किटे तिच्यावर घ्यायची असतात. त्यासाठी घरातला बोर्ड दोन भागांत फोडावा लागतो. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांची तार एकाच जोडणीतून फिरवलेली असते. तिथे खरी मेहनत गच्चीवर नसते, या बोर्डापाशी असते. इलेक्ट्रिशियनला या कामासाठी पुरता एक दिवस द्या.

कोणत्या सर्किटांना बॅकअप द्यायचा, हे पॅनल घेण्याआधी ठरवायचे असते. सगळे उलट्या टोकापासून सुरुवात करतात: ‘किती किलोवॉटचं घेऊ?’ त्याआधी एक कागद घ्या आणि संध्याकाळी लाईट गेली तर काय काय चालायलाच हवे ते लिहा. एका मध्यम घराचा हिशेब करून पाहू. ३० वॉटचे चार बीएलडीसी पंखे म्हणजे १२० वॉट. ९ वॉटचे पाच एलईडी, ४५. वायफाय १०. टीव्ही ८०. फ्रिज अधूनमधून चालतो, त्याची सरासरी ५० धरू. आणि मे महिन्यात ज्याच्याशिवाय इथे झोप येत नाही तो कूलर, १८० वॉट. बेरीज ४८५. चार तास लाईट गेली तर साधारण १.९ युनिट. इन्व्हर्टर स्वतः दहा टक्क्यांच्या आसपास खातो, म्हणजे बॅटरीतून निघायला हवेत २.१ ते २.२ युनिट.

याच कागदावर एक बचतही दिसते. जुना पंखा ७५ वॉट घेतो. चारही पंखे जुनेच ठेवले तर भार १८० वॉटांनी वाढतो, म्हणजे आणखी एक कूलर लावल्यासारखेच. तेवढ्यासाठी मोठी बॅटरी घेण्यापेक्षा आधी पंखे बदलणे स्वस्त पडते. पाण्याच्या मोटारीला या यादीत घेऊ नका. एका हॉर्सपॉवरची मोटार ७४६ वॉटची म्हणवते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि छोटा इन्व्हर्टर त्या झटक्यालाच ट्रिप होतो. टाकी दुपारी, तारेतली वीज असताना भरावी. तेव्हा पॅनलही जोरात असतात. दीड टनाच्या एसीचेही तेच. तो पाच युनिटची बॅटरी तीन तासांत रिकामी करतो.

आता बॅटरी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण संपूर्ण यंत्रणेत सर्वांत आधी मरणारी वस्तू तीच. पॅनलवर २५ वर्षांची हमी मिळते, बॅटरीचे आयुष्य मात्र तुम्ही तिला कसे वागवता यावर ठरते.

ओळखीची ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला तर १.८ युनिट. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून तिच्यातले ०.९ युनिटच आपले समजावेत. वरच्या हिशेबासाठी अशा तीन लागल्या असत्या. पण २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन लागतात आणि ४८ला चार, म्हणून व्यवहारात चार घ्याव्या लागतील. घेताना लेबलवर सी-१० की सी-२० ते वाचा. सी-२० म्हणजे वीस तासांत हळूहळू रिकामी केल्यावर मिळणारी क्षमता, सी-१० म्हणजे दहा तासांत. सी-२०चे १५० हे सी-१०च्या १५०पेक्षा कमीच असतात आणि सोलरसाठी सी-१०चीच बॅटरी घ्यायची असते.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘एलएफपी’. तिची एक पेशी ३.२ व्होल्टची. अशा सोळा पेशी ओळीने जोडल्या की ५१.२ व्होल्ट होतात. १०० अँपिअर-तासांची घेतली तर ५.१२ युनिट. त्यातले ८५ टक्के निर्धास्त वापरता येतात. इन्व्हर्टरचा खर्च वजा जाता ३.९ युनिट हाती येतात, म्हणजे आपली ४८५ वॉटची यादी आठ तास चालते. निम्म्या आकाराची, २५.६ व्होल्टची घेतली तर चार तास जेमतेम निघतात. मला दोन टोकांपैकी मोठे टोक पटते, कारण दर वर्षी थोडी क्षमता घटणारच आहे. एलएफपीला पाणी घालावे लागत नाही, तिच्यातून वायू निघत नाही आणि तिचे बीएमएस नावाचे सर्किट प्रत्येक पेशीवर नजर ठेवते. पैसे आधी जास्त जातात. पण रोज वापरायची असेल तर माझे मत एलएफपीच्या बाजूने आहे. वर्षातून मोजके दिवसच लाईट जात असेल तर ट्यूब्युलर पुरते.

जात कोणतीही असो, ग्वाल्हेरमध्ये बॅटरीचा खरा वैरी उष्णता आहे. लेड-ॲसिडचा जुना ठोकताळा असा, की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे आयुष्य जवळपास निम्मे होते. आणि इथे बसवणारे काय करतात? जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीत, जिला इथे सगळे मुमटी म्हणतात, तिथे इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या मांडतात, कारण पॅनलपासून तार कमी लागते. आमच्याकडेही आधी तसेच केले होते आणि त्या बॅटऱ्या तिसऱ्या उन्हाळ्यापलीकडे गेल्या नाहीत. तार वाचवायची ती जागाच चुकीची आहे. पॅनलकडून येणारी वीज जास्त व्होल्टची आणि कमी अँपिअरची असते, तिची तार लांब असली तरी नुकसान थोडे. बॅटरी ते इन्व्हर्टर ही तार मात्र दीड-दोन मीटरच असावी, कारण तिच्यातून प्रचंड प्रवाह जातो: २४ व्होल्टवर २ किलोवॉट म्हणजे ८३ अँपिअर, ४८ व्होल्टवर त्याच्या निम्मा. म्हणून दोघांनाही तळमजल्यावर आणा. लष्करातल्या जुन्या दगडी घरांच्या जाड भिंतीआड मे महिन्यातही वरच्यापेक्षा बराच गारवा असतो. लेड-ॲसिड असेल तर खोलीला झरोका हवाच, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. स्वयंपाकघर आणि देवघर ही दोन्ही ठिकाणे वर्ज्य.

गच्चीवर चढू. मुंबई-पुण्याकडच्या आप्तांना शून्य सावलीचा दिवस ठाऊक असतो, सूर्य बरोबर डोक्यावर आल्याने सावली पायाखाली गडप होते तो. उज्जैनपर्यंत हा योग येतो, ग्वाल्हेरला कधीच येत नाही. आपण २६.२ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहोत. २१ जूनच्या दुपारीही सूर्य इथे किंचित दक्षिणेकडेच असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तर दुपारी क्षितिजापासून केवळ ४० अंशांवर. म्हणून पॅनलचे तोंड निःशंक दक्षिणेला करावे. कल अक्षांशाइतका, २५-२६ अंश, सांगितला जातो. पण मे-जूनच्या आंधीत पॅनल शिडासारखा वारा धरतो, त्यामुळे उघड्या गच्चीवर मी २० अंशांवर थांबेन. उत्पन्नात फरक नगण्य पडतो.

सावली मोजायची ती हिवाळ्यात. एक मीटर उंच कठड्याची सावली २२ डिसेंबरला दुपारी सव्वा मीटरच्या थोडी आत असते, पण सकाळी सव्वानऊच्या सुमारास सव्वादोन मीटर. दोन मीटर उंच पाण्याची टाकी असेल तर त्याच्या दुप्पट. पॅनलमधल्या पेशी माळेसारख्या ओवलेल्या असतात. दोन-चार पेशींवर सावली पडली तरी मोठा भाग ढेपाळतो. उन्हाळ्यात निवडलेली आणि तेव्हा मोकळी वाटलेली जागा जानेवारीत निम्मी झाकली जाते.

जुन्या घरांची छते पटियांची, म्हणजे लांब दगडी फरशांची असतात. तिथे भोके पाडू नयेत. फरशी तडकते आणि पावसाळाभर गळते. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या वजनावर सांगाडा उभा करावा आणि ते वजन खालच्या भिंतींच्या रेषेवर येईल असे पाहावे. ५५० वॉटचा एक पॅनलच २८ किलोच्या आसपास असतो.

हेच पॅनल ५५० वॉट देतात ते कारखान्यात, पेशी २५ अंशांवर असताना. ज्येष्ठातल्या दुपारी पेशी ७० अंशांपर्यंत तापते. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के गळती धरली तर सोळा टक्के गेले, उरले ४६० वॉट. म्हणून पॅनल गच्चीला चिकटवू नका, खालून हवा खेळायला निदान अर्धा फूट सोडा. ४५ अंशांच्या दुपारपेक्षा मार्चची स्वच्छ, थंड दुपार जास्त वीज देते, हे पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. वर्षाची सरासरी एका किलोवॉटमागे दिवसाला चार ते साडेचार युनिट धरावी. जानेवारीच्या दाट धुक्यात एखाद्या युनिटवरही समाधान मानावे लागते.

थंडीतला धोका निराळा आहे आणि त्याकडे कुणाचेच लक्ष नसते. पॅनल गार झाला की त्याचे व्होल्ट वाढतात. ५५० वॉटच्या पॅनलचे भाराविना व्होल्ट सुमारे ४९.५ असतात. तीन ओळीने जोडले तर १४८.५, आणि बॅटरी भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरची मर्यादा समजा १५०. कागदावर बसले. पण जानेवारीत पहाटे पारा तीन अंशांवर असतो. पहिले ऊन पडते तेव्हा पेशी तितक्याच गार असतात आणि व्होल्ट सहा टक्क्यांनी चढून १५७ होतात. कंट्रोलर तिथेच जळतो. म्हणून अशा कंट्रोलरला दोन-दोनच्या दोन माळा जोडा. घेतलेल्या इन्व्हर्टरची मर्यादा ४०० व्होल्टच्या पुढची असेल तर चारही पॅनल एकाच माळेत चालतील.

तारांबाबत थोडक्यात. डीसीच्या बाजूला डीसीचाच एमसीबी हवा. एसीचा लावला तर तुटताना पडलेली ठिणगी विझत नाही. बॅटरीच्या टोकाजवळ फ्यूज, गच्चीवर तडितरोधक, आणि त्याचे अर्थिंग वेगळे. ग्वाल्हेरची जमीन जागोजागी खडकाळ आहे आणि उन्हाळ्यात कोरडी ठाक होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात महिन्यातून एक-दोनदा पाणी ओता.

पैशांचे पाहा. पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४) पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. त्यासाठी भारतीय बनावटीच्या पेशींचे पॅनल, ग्रिडची जोडणी आणि नेट मीटर लागते. बॅटरीचा खर्च आपला. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, मीटरचे काम मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे. आणि एक प्रामाणिक सल्ला: ज्यांचा महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत आहे, त्यांना अटल गृह ज्योती योजनेत पहिले १०० युनिट १०० रुपयांत पडतात. अशा घराने बिल वाचवायला सोलर घेऊ नये. लाईट जाण्याचा त्रास असेल तर नुसता चांगला इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरे.

बसवल्यावर राहते ती धूळ. आंधी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी, सूर्य वर येण्याआधी पॅनल धुवावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून तिघरा धरणातून येणारे नळाचे पाणी वापरावे आणि मऊ कापडाने पुसून घ्यावे.

बसवणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी घ्या. संध्याकाळी सात वाजता, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, घराचा मेन स्विच स्वतः खाली ओढा. यादीतले सगळे चालू ठेवा आणि कूलर, फ्रिज, पंखे किती तास चालतात ते घड्याळ लावून मोजा. तो आकडा तारखेसह वहीत लिहा. आमच्याकडे हीच चाचणी दर वर्षी खंडेनवमीला होते. हत्यारांच्या पूजेआधी मेन पाडून, डीसी स्विच उतरवून टर्मिनलचे नट आवळायचे, ट्यूब्युलरमध्ये डिस्टिल्ड पाणी भरायचे, बॅटरीवर हळदकुंकू वाहायचे, आणि सात वाजता वही उघडायची.