उतरत्या फळीवरील गाडी व तिच्या वेळेचा मेळ

मुळा-मुठा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या मांजरीची जमीन सपाट आहे. दक्षिण तीरावरील मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. उत्तरेस मांजरी खुर्द आहे. गाडी आपोआप धावावी अशी उतरण या भागात क्वचितच आढळते, आणि जी आढळते ती पुलाच्या वा रस्त्याच्या चढणीची. तेथे मोटारी व मालगाड्या यांची सतत ये-जा असल्यामुळे चाकांच्या फळीवर बसून घसरणाऱ्या मुलांना त्या वाटेस जाऊ देणे धोक्याचे आहे. मुलांची ही हौस शाळेच्या ओसरीत आणावयाची झाल्यास एक लांब फळी व वीतभर गाडी पुरेशी होते. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करण्याची कला खेड्यातील मुलांना उपजतच असते. तीच कला येथे कामी येते. बाटल्यांची झाकणे ही चाके, सायकलच्या चाकाची जुनी तार हा आस आणि त्यावर बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलीचा तुकडा, एवढ्यावर गाडी उभी राहते.

खरी अडचण शर्यत लावल्यानंतर सुरू होते. दोन गाड्या एकदाच सोडल्या, एक पुढे आली, तिच्या मालकास शाबासकी मिळाली व दुसरा मुलगा हिरमुसला. एवढ्यावर बहुतेक ठिकाणी हा कार्यक्रम संपतो. हरलेला मुलगा म्हणतो, "पुन्हा सोडा." पुन्हा सोडल्यावर कित्येकदा तोच जिंकतो. मग पहिला निकाल खरा की दुसरा? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने आपल्या अधिकाराने देऊन टाकले तर मुले गप्प बसतील, परंतु त्यांचे समाधान होणार नाही. हरलेल्या मुलाची तक्रार रडवेपणाची मानली जाते. वस्तुतः ती शास्त्रीय तक्रार आहे व तिचा तसाच आदर झाला पाहिजे.

समजा, एका गाडीच्या पाच फेऱ्यांचे वेळ २.७, २.८, २.७, २.८ व २.७ सेकंद असे आले आणि दुसरीचे २.४, ३.१, २.६, ३.३ व २.५ असे आले. पहिलीची सरासरी २.७४, दुसरीची २.७८, म्हणजे वेगाने दोन्ही जवळजवळ सारख्या. परंतु पहिलीच्या सर्वांत कमी व सर्वांत अधिक वेळांत अवघ्या ०.१ सेकंदाचे अंतर आहे, तर दुसरीत ०.९ सेकंदाचे. एकाच फेरीवर निकाल लावल्यास दुसरी गाडी कधी मोठ्या फरकाने जिंकेल, तर कधी तितक्याच फरकाने हरेल. यास्तव कोणती गाडी जलद हे विचारण्यापूर्वी, तीच गाडी तीच वाट तितक्याच वेळात पुन्हापुन्हा कापते काय, हे पाहिले पाहिजे. कापत नसेल तर गाडीत, फळीत, सोडण्यात किंवा मोजण्यात काही तरी बदलत आहे, आणि ते काय हे शोधून काढणे हाच खरा पाठ होय.

उतरणीवरून वस्तू घरंगळत सोडून तिचा वेळ मोजण्याची युक्ती गॅलिलिओची. सरळ खाली पडणारी वस्तू त्या काळच्या साधनांनी मोजता येण्याजोगी नव्हती, म्हणून त्याने तिची गती उतरणीने मंद केली. सुमारे ७ मीटर लांबीच्या तुळईत सरळ खाच कोरून, ती गुळगुळीत करून व तीत चर्मपत्र बसवून त्याने कांशाची गोळी सोडली. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी फेरीच्या आरंभापासून अखेरीपर्यंत साठवून त्याने त्याचे वजन केले व तेच वेळेचे माप मानले. एकच फेरी अनेकदा केली तरी नाडीच्या एका ठोक्याच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडत नसे, असे त्याने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिले आहे. विसाव्या शतकात काही इतिहासकारांनी एवढ्या नेमकेपणाबद्दल शंका घेतली. तेव्हा थॉमस सेटल या अभ्यासकाने तसाच प्रयोग पुन्हा केला व १९६१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करून गॅलिलिओच्या साधनांनी तसा मेळ बसू शकतो, हे दाखवून दिले. पाणी धरण्यासाठी त्याने फुलझाडाची साधी कुंडी वापरली होती. लग्नघरी घंगाळात तरंगत ठेवलेले घटिकापात्र वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक असलेल्या मुलांना पाण्याने वेळ मोजण्याची ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही. घटिकापात्र २४ मिनिटांनी बुडते, म्हणून ते येथे उपयोगी नाही. तथापि तळाशी छिद्र पाडलेला डबा व औषधाचे मापाचे झाकण एवढ्यावर सेकंदांचा हिशेब करून पाहता येतो. मात्र डब्यातील पाण्याची पातळी फारशी उतरू देऊ नये, कारण पातळी उतरली की धार मंदावते.

फळीला चढ किती द्यावा? या बाबतीत पुष्कळ शिक्षकांचा असा समज होईल की चढ जितका कमी तितकी गाडी सावकाश व मोजणे तितके सोपे. हे अर्धेच खरे आहे. ३ मीटर लांब फळीचे एक टोक ३० सेंटिमीटर उचलले आणि घर्षण मुळीच नसले तर गाडी सुमारे अडीच सेकंदांत खाली येईल. प्रत्यक्षात समजा घर्षण ओढीचा पाचवा भाग खाते. मग वेळ पावणेतीन सेकंदांच्या आसपास जाईल. आता टोक १५ सेंटिमीटरवरच ठेवले तर ओढ निम्मी होते, परंतु घर्षण जवळजवळ तेवढेच राहते, म्हणजे ते आता ओढीचे दोन पंचमांश खाते व वेळ साडेचार सेकंद होतो. धुळीच्या कणाने वा वंगणाच्या कमीअधिकपणाने घर्षणात दहाव्या भागाचा फरक पडला, तर पहिल्या चढावर वेळ अवघा ०.०३ सेकंदाने बदलेल, दुसऱ्यावर मात्र ०.१५ सेकंदाने. मंद उतरणीवर मोजणाऱ्याची चूक लहान दिसते, पण गाडीचे दोष मोठे होऊन दिसतात. शर्यतीसाठी ३० सेंटिमीटरचा चढ बरा. दोष शोधावयाचा असेल त्या दिवशी फळी मुद्दाम खाली आणावी.

फळी आडव्या अंगाने समपातळीत आहे की नाही हे गवंड्याच्या पाणसळीने पाहावे. एका अंगास झुकलेल्या फळीवर उत्तम गाडीही कडेच्या पट्टीस घासत जाते. फळी मध्ये वाकत असल्यास तिच्याखाली एक वीट अधिक द्यावी. दोन फळ्या जोडल्या असतील तर सांध्यावरून बोट फिरवून पाहावे. डोळ्यास न दिसणारी धार बोटास लागते.

सोडण्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि फरक सर्वांत अधिक तेथेच पडतो. हाताने धरलेली गाडी सोडताना मुलगा नकळत तिला ढकलतो किंवा मागे ओढतो. गाडीच्या पुढे एक आडवी पट्टी लावून तीच दूर करावी. पट्टी वर उचलल्यास ती गाडीच्या तोंडास घासते. तिला खालच्या कडेस बिजागरी लावून ती गाडीपासून पुढे, खाली पडेल अशी करावी. गाडी पट्टीस टेकलेली असावी आणि प्रत्येक वेळी तिची चाके त्याच स्थितीत असावीत. यासाठी चाकावर एक ठिपका देऊन तो वर राहील असे ठेवावे, कारण झाकण क्वचितच पूर्ण गोल असते व छिद्र क्वचितच नेमके मध्यावर पडते.

गाडीची परीक्षा सपाट जमिनीवर करावी. फरशीवर खडूने दोन मीटरची सरळ रेषा काढून गाडी हलकेच सोडावी. ती कोणत्या कुशीस ओढ घेते हे लगेच कळते. ओढ घेत असल्यास दोन्ही आस परस्परांस समांतर नाहीत असे समजावे. चाक अंगास टेकत असेल तर मध्ये लहान चकती घालावी. वजनासाठी ओली माती चिकटविली असेल तर ती वाळताना हलकी होते, सैल होते व सरकते. सुताने घट्ट बांधलेला लोखंडी नट अधिक विश्वासू. गाडी जड केली की हटकून जिंकते, असा मुलांचा समज असतो. त्यात थोडे तथ्य आहे, परंतु वजन वाढते तसे आसावरील घर्षणही वाढत असल्यामुळे मुलांना वाटतो तेवढा लाभ होत नाही. शर्यतीतील सर्व गाड्या एकाच वजनाच्या केल्या म्हणजे हा वाद मिटतो.

वंगणाच्या बाबतीत घरची सवय आड येते. मुले खोबरेल तेल आणतात. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते. म्हणजे पौषातल्या सकाळी ओसरीतील गाडी जागची हलत नाही आणि दुपारी तीच सुरेख धावते. शिवाय कोणतेही तेल धूळ धरून ठेवते. मऊ शिसपेन्सिलीचे टोक कानशीवर घासून निघणारी काळी पूड आसावर लावणे हा उत्तम उपाय. पूड लावल्यावर पहिल्या चारपाच फेऱ्यांत गाडी उत्तरोत्तर जलद होत जाते, कारण पूड आसावर सारखी पसरत असते. त्या फेऱ्या मोजणीत धरू नयेत.

मोजणाऱ्याचाही दोष असतो. दिसलेल्या गोष्टीस हाताने प्रतिसाद देण्यास माणसास सुमारे ०.२ सेकंद लागतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. तीन मुलांनी तीन घड्याळे धरून मधला वेळ घ्यावा. भ्रमणध्वनी उपलब्ध असेल तर फळीच्या तळाशी पितळी ताट उभे करावे आणि पट्टी पडल्याचा व गाडी ताटावर आदळल्याचा, असे दोन्ही आवाज एकाच ध्वनिमुद्रणात घ्यावेत. त्या दोहोंमधील अंतर हाच वेळ. यात मोजणाऱ्याच्या हाताचा संबंधच येत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी या गृहस्थाने १९५३ मध्ये लहान बालवीरांसाठी पाइनच्या लाकडाच्या अशाच गाड्यांची शर्यत भरविली, व तो प्रकार पुढे त्या देशभर पसरला. तेथे पुष्कळ ठिकाणी प्रत्येक गाडी प्रत्येक वाटेवरून एकेकदा सोडून सर्व वेळांची बेरीज करतात, जेणेकरून चांगली वाट लाभल्याचा फायदा कोणास होऊ नये. दोन फळ्या असलेल्या शाळेने एवढे तरी अवश्य करावे: निम्म्या फेऱ्यांनंतर गाड्यांची अदलाबदल.

वहीत प्रत्येक फेरीचा वेळ जसा आला तसा लिहावा. विचित्र आकडा खोडू देऊ नये; त्याच्यासमोर "चाक अडले", "वारा होता" असे कारण लिहावे, आणि कारण न सापडल्यास जागा कोरी सोडावी. पावसाळ्यात लाकूड फुगते व फळी वाकते. म्हणून श्रावणातील वेळांची तुलना उन्हाळ्यातील वेळांशी करू नये, आणि काम झाल्यावर फळी भिंतीस तिरपी टेकवून न ठेवता जमिनीवर सपाट ठेवावी.